व्होर्टेक हेड बसवलेल्या जुन्या शेवी 350 ला कोणता कॅम घ्यावा?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: 1978 ची शेवी पिकअप, मूळचाच 350 घनइंचांचा ब्लॉक, त्यावर जंकयार्डातून आणलेली व्होर्टेक हेडं (जीएमच्या नंतरच्या ट्रकांवरची सिलिंडर हेडं). ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर आणि पॉवर ब्रेक कंपनीचेच. आता 'जरा तगडा' कॅम (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) टाकायचाय आणि मित्र म्हणतोय की सरळ 0.500 इंच लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह तेवढा उघडणारा, घे.

मित्राचं एवढ्यात ऐकू नका. या हेडांची खोड अशी की लिफ्ट साधारण 0.460 ते 0.470 इंचांच्या वर गेली की व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) खाली येऊन गाइडवरच्या (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या नळीवरच्या) सीलला आपटतो. ट्रकमध्ये कंपनीने दिलेल्या कॅमची लिफ्ट 0.414 आणि 0.428, त्यामुळे जास्त जागा ठेवायची त्यांना गरजच नव्हती.

इंटरनेटवरच्या आकड्यावर विसंबू नका, स्वतः मोजा. स्प्रिंग काढा, व्हॉल्व्हवर फक्त रिटेनर आणि लॉक बसवा, डायल इंडिकेटर लावा आणि रिटेनर सीलला टेकेपर्यंत व्हॉल्व्ह खाली दाबा. जो आकडा येईल त्यातून 0.050 इंच वजा करा. समजा 0.520 आला, तर तुमची मर्यादा 0.470. सोळाही व्हॉल्व्ह तपासा आणि सगळ्यात कमी निघेल तो आकडा धरा.

आता हवेचं बघू. इनटेकच्या बाजूला ही हेडं खरंच छान आहेत: 0.500 लिफ्टला 230 सीएफएमच्या (मिनिटाला इतके घनफूट हवा) आसपास, पण त्यापुढे फारसं काही वाढत नाही. एक्झॉस्ट मात्र लंगडा, जेमतेम 150 च्या घरात. म्हणून एक्झॉस्टचं ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते) इनटेकपेक्षा सहा-आठ अंशांनी जास्त असलेला कॅम घ्यायचा. दोन्हीकडे सारखं ड्युरेशन असलेला कॅम या हेडांवर मी तरी लावणार नाही.

कॉम्प कॅम्स या कंपनीचे तीन कॅम शेजारी ठेवून बघा (ड्युरेशन 0.050 इंचावर मोजलेलं; जोडीतला पहिला आकडा इनटेकचा, दुसरा एक्झॉस्टचा). एक्सई 256: 212/218, लिफ्ट 0.447/0.454. एक्सई 262: 218/224, लिफ्ट 0.462/0.469. एक्सई 268: 224/230, लिफ्ट 0.477/0.480. तिसरा तर मशिनिंगशिवाय बसणारच नाही. दुसरा अगदी काठावर. आणि हे आकडे 1.5 गुणोत्तराच्या रॉकरचे (कॅमची हालचाल वाढवून व्हॉल्व्हला देणाऱ्या तरफेचे) आहेत बरं का. कोणी हौसेने 1.6 चे रॉकर गळ्यात मारले तर 0.462 चं 0.493 होतं.

तुमच्या गाडीला मी 256 घेईन. जुन्या हेडांचे ज्वलन चेंबर बहुधा 76 सीसीचे होते, व्होर्टेकचे 64 चे. म्हणजे आधी 8.5 कॉम्प्रेशन असेल तर आता साडेनऊच्या आसपास गेलं. मोठा कॅम इनटेक उशिरा बंद करतो, आणि कमी आरपीएमला हे मिळवलेलं प्रेशर परत पोर्टात निघून जातं. त्यात कन्व्हर्टर कंपनीचा, म्हणजे सिग्नलवरून निघताना गाडी मेल्यासारखी उठणार आणि व्हॅक्यूम कमी झाल्याने ब्रेकही जड होणार. आयडलला गडगडाट ऐकायचाच असेल तर 262 घ्या, पण मोजमापात जागा निघाली तरच.

गाइड तासून 0.500 पर्यंत जाता येतं, नाही असं नाही. पण लिफ्ट वाढली की स्प्रिंग कडक लागतात. कडक स्प्रिंग आल्या की दाबून बसवलेले रॉकर स्टड वर सरकायला लागतात, मग आट्यांचे स्टड आणि गाइड प्लेट (पुशरॉड सरळ ठेवणाऱ्या पट्ट्या) आल्या. आणि गाइड प्लेट आल्या की व्होर्टेकचे सेल्फ-अलाइनिंग (स्वतःच व्हॉल्व्हवर सरळ राहणारे) रॉकर बाद, कारण दोन्ही एकत्र चालत नाहीत. एवढा खर्च करायचाच असेल तर तयार ॲल्युमिनियम हेडांची किंमत आधी विचारून या.

256 घेतला तरी जंकयार्डातल्या जुन्या स्प्रिंग मात्र बदला. तुमचा ब्लॉक रोलर लिफ्टरसाठी बनवलेला नाही, त्यामुळे कॅम फ्लॅट टॅपेटच (सपाट तळाच्या लिफ्टरवर चालणारा) येणार. नव्या कॅमला लिफ्टरही नवेच घ्या, लोबना (कॅमवरच्या उंचवट्यांना) पेस्ट लावा, झिंकवालं ब्रेक-इन ऑइल टाका. इंजिन पहिल्यांदा सुरू होताच 2000 आरपीएमच्या वर न्या आणि 20 ते 30 मिनिटं खाली येऊ देऊ नका. म्हणून टायमिंग आणि रेडिएटरचं पाणी चावी फिरवण्याआधीच बघून घ्या.