वाचकांचे प्रश्न : ऑक्साइडमधला ऑक्सिजन विजेने कसा मोजतात?

प्रश्न : यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडच्या सूत्रात ऑक्सिजनचे अणू ६ ते ७ यांच्या दरम्यान कितीही असू शकतात, असे वाचनात आले. हे प्रमाण विद्युत-रासायनिक घटाने मोजतात म्हणजे नेमके काय करतात?

उत्तर : हा आकडा ७ च्या जवळ असेल तर पदार्थ सुमारे ९२ केल्व्हिनच्या खाली अतिवाहक (रोधाविना वीज वाहून नेणारा) होतो आणि ६ च्या जवळ गेला की विद्युतरोधक ठरतो, त्यामुळे दशांशातला फरकही इथे महत्त्वाचा असतो.

सारी मदार झिर्कोनियावर, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडवर, आहे. यिट्रिया (यिट्रियमचा ऑक्साइड) मिसळलेला झिर्कोनिया तापवला की त्यातून ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सहज सरकतात, इलेक्ट्रॉनांना मात्र जवळजवळ वाट मिळत नाही. अशा नळीत नमुना ठेवून ती हवाबंद करतात, तिला आतून-बाहेरून सच्छिद्र प्लॅटिनमचे थर देतात आणि बाहेरच्या बाजूस हवा ठेवतात; हाच आपला घट. आता वीज सोडून आतला ऑक्सिजन बाहेर खेचला, तर दर अणूमागे दोन इलेक्ट्रॉन मंडलातून जातात, म्हणजे विद्युतभार मोजला की ऑक्सिजन मोजला गेला. १ मिलिअँपिअर प्रवाह १०० सेकंद वाहिला तर सुमारे ८.३ मायक्रोग्रॅम ऑक्सिजन हलतो. आपल्या पदार्थाच्या १ ग्रॅम नमुन्यात सूत्रातला आकडा ०.०१ ने उतरवायला याच प्रवाहाला सुमारे ४८ मिनिटे लागतात. वजन घटते जेमतेम पाव मिलिग्रॅम.

मग प्रवाह बंद करून घटाचे व्होल्टेज स्थिरावण्याची वाट पाहायची. हे व्होल्टेज आत-बाहेरच्या ऑक्सिजनच्या आंशिक दाबांचे (एकूण दाबातल्या एकट्या ऑक्सिजनच्या वाट्यांचे) गुणोत्तर सांगते : १००० केल्व्हिनला दाबात दहापट फरक असेल, तर सुमारे ५० मिलिव्होल्ट. घाई नडते ती इथेच, कारण नमुन्याच्या गाभ्यातला ऑक्सिजन पृष्ठभागापर्यंत यायला वेळ घेतो आणि सरकता आकडा स्थिर समजून टिपला जातो.

नळीतल्या रिकाम्या जागेचा हिशेबही ठेवावा लागतो. तेवढ्याच तापमानाला व वातावरणीय दाबाला १ घन सेंटिमीटर हवेत इतका ऑक्सिजन असतो, की वरच्या नमुन्यात आकडा ०.००३ हून थोडा अधिक सरकल्याचा भास होईल. म्हणून ही जागा शक्य तितकी कमी ठेवतात. जोडातून गळती आहे का, हे पाहण्यासाठी जेवढा भार देऊन ऑक्सिजन काढला तेवढाच उलटा देऊन तो परत भरतात आणि व्होल्टेज पूर्वपदावर येते का ते तपासतात. ते आले नाही, तर त्या दिवसाची सारी मोजणी रद्द समजावी, असे माझे मत आहे. फार कमी दाबाला तर खुद्द झिर्कोनियातूनच थोडे इलेक्ट्रॉन निसटू लागतात आणि मोजलेला भार व हललेला ऑक्सिजन यांचा मेळ बसत नाही.

आपल्या प्रश्नातला खरा पेच मात्र वेगळाच आहे : घट केवळ बदल मोजतो, मूळ आकडा सांगत नाही. तो आयोडिनच्या अनुमापनाने (ठरावीक तीव्रतेचे द्रावण किती लागले यावरून प्रमाण काढण्याच्या रीतीने), किंवा नमुना हायड्रोजनमध्ये क्षपित करून, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून, घटलेल्या वजनावरून, एकदा स्वतंत्रपणे ठरवावा लागतो. घटाने मिळालेले पुढचे सारे आकडे त्याला जोडून वाचायचे असतात.