‘कोम’ ही जात नव्हे

भुलेश्वरला कापडाची पेढी असलेल्या खापरपणजोबांचा माग काढणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांना 1871 सालचं एक मोडी खरेदीखत मिळालं. त्याचं लिप्यंतर करून घेतलं, तर त्यात नावं निघाली ‘विठोबा बिन रामशेट’ आणि ‘भागीरथीबाई कोम विठोबा’. त्या विचारतात, कोम म्हणजे जात ना? मग विठोबा नावाची जात कुठली? आणि ‘बिन रामशेट’ म्हणजे रामशेट तेव्हा वारले होते का?

आधी ‘बिन’ उरकून टाकू. बिनकामाचा, बिनभाड्याचा यांतलं बिन हे ‘विना’चं रूप. दस्तातला बिन वेगळा, अरबी ‘इब्न’च्या घरातला, म्हणजे मुलगा. रामशेटशिवायचा विठोबा नव्हे, रामशेटचा मुलगा विठोबा. रामशेट हयात होते की नाही, याचा या शब्दाशी काही संबंध नाही. ‘वल्लद’ही त्याच अर्थाचा आणि तोही अरबीच. 1875 सालच्या मुंबई हायकोर्टाच्या एका निकालाचं नावच ‘राही विरुद्ध गोविंदा वल्लद तेजा’ असं आहे. इंग्रजी निकालपत्रातसुद्धा साहेबांनी वल्लद तसाच ठेवला.

आता कोम. मूळ अरबी ‘कौम’, अर्थ लोक, जमात. त्यामुळे ताईंचा अंदाज हवेतला नव्हता. पण जुन्या मराठी दस्तांत बाईच्या नावापुढे कोम आला की अर्थ होतो ‘ची बायको’. भागीरथीबाई कोम विठोबा, म्हणजे विठोबाची बायको भागीरथीबाई. कर्नाटकात जमिनीच्या कागदांवर बिन आणि कोम ही जोडी याच अर्थाने अजून भेटते.

जमातीची बायको कशी झाली, याचं मला फारसं नवल वाटत नाही. आपले आजोबा ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ म्हणायचे, तेव्हा घरातली सगळी माणसं गेलेली नसायची, एकटी आजी गेलेली असायची. ‘आमची मंडळी’ही तशीच. बायकोचं नाव घ्यायचं नाही म्हणून अख्खा समूहवाचक शब्द तिच्या अंगावर घालायचा, ही मराठी पुरुषाची जुनी खोड. कोम त्याच रांगेत शोभतो. (आमच्या आजीला ‘कुटुंब’ म्हटलेलं मुळीच खपायचं नाही, ती गोष्ट निराळी.)

याच कामाला आणखी दोन शब्द आहेत. ‘जोजे’ हा अरबी ‘जौजा’वरून आलेला, अर्थ पत्नी. ‘भ्रतार’ आपलाच, म्हणजे भर्ता. ‘सखूबाई भ्रतार गोविंद’ असं दिसलं की गोविंद नवरा. विधवेसाठी ‘बेवा’ हा फारसी शब्द येतो.

मुंबईत मात्र एक खड्डा आहे, आणि व्यापारी घराण्यांचा शोध घेणारे हमखास त्यात पडतात. मांडवी-भुलेश्वरच्या पेढ्यांचे कागद मराठीत असतात, तसे गुजरातीतही. गुजरातीत कोम म्हणजे जमातच. गुजराती वर्तमानपत्रांत ‘कोमी रमखाण’ असतं ते जातीय दंगलीला. म्हणजे एकाच घराण्याच्या एका कागदात कोमच्या पुढे नवरा असेल आणि दुसऱ्यात जात. कागद कुठल्या भाषेतला हे आधी बघायचं, मग अर्थ लावायचा.

ताईंनी विचारलेलं नाही, पण ‘रामशेट’बद्दल सांगायलाच हवं. हे आडनाव नाही. ‘श्रेष्ठी’वरून आलेला शेट हा मान, आणि तो नावालाच चिकटवून लिहायची रीत होती. जगन्नाथ शंकरशेट (1803–1865) हे ठळक उदाहरण. घराण्याचं आडनाव मुरकुटे, वडील शंकरशेट, आजोबा बाबुलशेट. सगळी मुंबई त्यांना नाना शंकरशेट म्हणून ओळखते, आणि मुरकुटे हे आडनाव सांगितलं तर गिरगावातसुद्धा चारजण भुवया उंचावतील. नुसतं आडनाव घेऊन जुन्या याद्या चाळणाऱ्याला असं माणूस सापडायचं नाही. तेव्हा तुम्हीही सूचीत विठोबा आणि रामशेट ही दोन्ही नावं शोधा, आणि शेट काढून नुसत्या ‘राम’ किंवा ‘रामजी’खालीही पाहा. मोडीत ऱ्हस्वदीर्घ एकच, त्यामुळे लिप्यंतरातल्या वेलांट्या-उकारांवर फार विसंबू नका.

तर तुमच्या वंशवृक्षात रामशेट वर, विठोबा त्यांच्या खाली आणि भागीरथीबाई विठोबांच्या शेजारी. रिकामी राहते ती भागीरथीबाईंच्या माहेरची जागा, कारण कोम, जोजे, भ्रतार हे तिन्ही शब्द सासरकडेच बोट दाखवतात. त्यांनी स्वतः केलेलं मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र हाती लागलं, तर त्यात ‘भाचा’ शोधा. पुरुषाच्या कागदात भाचा हा बहिणीचा मुलगा. बाईच्या कागदात मात्र तो बहुधा भावाचा मुलगा असतो, कारण दिराच्या मुलाला ती पुतण्या म्हणते. त्या भाच्याच्या नावापुढे ‘बिन’ लागला असेल, तर पुढचं नाव बहुधा भागीरथीबाईंच्या भावाचं.