वाचकांचे प्रश्न: ती मुलं परक्या घरात रुळली का हो?

प्रश्न: ताई, मुलाकडे लंडनला गेले होते तेव्हा लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनबाहेर बॅगा घेऊन उभ्या असलेल्या लहान मुलांचा पुतळा बघितला. सून म्हणाली ही हिटलरच्या तावडीतून सुटलेली ज्यू मुलं, एकटीच आली होती. मग अनोळखी लोकांच्या घरी ती रुळली का? माझा नातू तर मावशीकडेही राहत नाही. (एक आजी, सातारा)

उत्तर: आजी, रुळली, बरीचशी रुळली, पण ते रुळणंच नंतर कुठेतरी सलत राहिलं. डिसेंबर १९३८ पासून युद्ध सुरू होईपर्यंत जवळजवळ १०,००० मुलं आली, जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकियातून, गळ्यात नंबराची पाटी आणि एक छोटी बॅग. आईवडिलांना व्हिसा नव्हता, फक्त १७ वर्षांखालच्या मुलांना परवानगी. ज्यांचं घर आधी ठरलेलं नव्हतं त्यांना डोव्हरकोर्टला समुद्राकाठच्या उन्हाळी कॅम्पात ठेवलं, तेही ऐन थंडीत, आणि तिथे लोक मुलं निवडायला यायचे. म्हणजे आपल्याकडचा बघण्याचा कार्यक्रमच की! छोट्या गोड मुली पटकन जायच्या, मोठे मुलगे मागे राहायचे. काही मोठ्या मुलींना तर घरकामालाच जुंपलं, हेही सांगायला हवं.

प्रेमळ घरंही खूप होती, पण तिथेही गुंता असायचा. ज्यू घरं पुरेशी नव्हती म्हणून कितीतरी मुलं ख्रिश्चन कुटुंबात गेली, घरी डुक्कर वर्ज्य आणि इथे ताटात बेकन, रविवारी सगळ्यांबरोबर चर्च. लोक वाईट नव्हते हो, आपलं समजूनच न्यायचे. सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बच्या भीतीने लंडनची मुलं खेड्यात पाठवली त्यात हीपण गेली, म्हणजे जरा कुठे जीव लागला की परत नवीन घर. १९४० मध्ये तर १६ वर्षांवरच्या काही मुलांना ‘शत्रूदेशाचे नागरिक’ म्हणून पकडून कॅम्पात टाकलं, ज्यांच्यापासून पळाले त्यांचेच म्हणून!

आणि भाषा. लहान मुलं काही महिन्यांत इंग्रजी बोलायला लागली आणि जर्मन विसरत गेली. युद्धात घरून पत्र यायचं ते रेडक्रॉसमार्फत, त्यात फक्त २५ शब्द लिहायची मुभा, मग तीही बंद झाली. बहुतेकांचे आईवडील परत दिसलेच नाहीत. ज्यांचे वाचले ते ६-७ वर्षांनी समोर आले तेव्हा आई जर्मनमध्ये बोलतेय आणि मुलगी पाळणाऱ्या बाईच्या मागे लपतेय, असंही झालं.