वाघ बघून पोट भरतं का?

बीएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी आणि तिचे बाबा, सांगलीहून माझ्याकडे सल्ला विचारायला आलेले. तिला वाइल्डलाइफमध्येच एमएस्सी करायचंय आणि बाबांचं एकच, "मॅडम, वाघ बघून पोट भरतं का?" हल्ली बरेच पालक हेच विचारतात म्हणून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आधी मुलीलाच विचारलं नक्की काय आवडतं, तर ताडोबाची सफारी, कॅमेरा, रील्स. आता सफारी वेगळी आणि फील्डवर्क वेगळं, तिथे वाघ कमी आणि वाघाची विष्ठा जास्त, पहाटे उठून ठरलेल्या रेषेवर चालायचं, हरणं किती दिसली, किती अंतरावर ते लिहायचं, काहीच नाही दिसलं तर शून्य लिहायचं (शून्य लिहायचा कंटाळा असेल तर या वाटेला जाऊच नये), आणि परत आलं की एक्सेल, स्टॅटिस्टिक्स. म्हणून तिला सांगितलं, दर रविवारी कृष्णेच्या घाटावर त्याच जागी, त्याच वेळी तासभर पक्षी मोज, फोटो नाही काढायचे.

पावसाळा संपल्यावर वही घेऊन आली. खंड्या, वंचक, टिटवी, सगळे आकडे, मध्येच एक रकाना रिकामा आणि बाजूला लिहिलेलं, "पाणी चढलं, जाता आलं नाही." मोजलंच नाही, म्हणून तिथे तिने शून्य टाकलं नव्हतं! मला तेवढं पुरेसं होतं.

बाबांना पैशाचं गोड करून नाही सांगितलं. कामं बरीचशी प्रोजेक्टवरची, करार संपला की परत शोधाशोध. नेट परीक्षेतून जेआरएफ (पीएचडी करतानाची फेलोशिप) मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 आणि वर घरभाडं, झूलॉजी आहे म्हणून यूपीएससीची वनसेवा पण देता येते. डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, बंगळुरूचं एनसीबीएस (जीवशास्त्राची संशोधन संस्था), दोन्हीकडे सीटा मोजक्या, म्हणून पुण्यात गरवारे कॉलेजचं बायोडायव्हर्सिटी पण बघा म्हटलं.

खरी भीती शेवटी निघाली, जंगलात एकटी पोरगी. तर एकटं सहसा कुणी जात नाही, सोबत वाटा माहीत असलेला गावातला माणूस किंवा वनरक्षक असतो. पण कॅम्पवर राहायची, संडासची सोय काय, रेंज येते का, दवाखाना किती लांब, काही वावगं झालं तर तक्रार कुणाकडे, हे जॉइन व्हायच्या आधी विचारायचंच, त्यात लाजायचं काय.

आता ती एन्ट्रन्सचा अभ्यास करतेय. बाबांनी बीएड सीईटीचा फॉर्म पण भरायला लावलाय, मी म्हटलं भर की, फी तेच देताहेत.