वाचकांचे प्रश्न : ग्वाल्हेर अर्ध्या दिवसात कसे पाहावे?

दिवाळी सरली की ग्वाल्हेरकडे येणाऱ्या पाहुण्यांची वर्दळ वाढते आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोखही बदलतो. या वेळी निवडलेली चारही पत्रे एकाच विषयाची आहेत. हाताशी अर्धाच दिवस आहे, स्वतंत्र गाडी आणि मार्गदर्शक घेण्याची तयारी आहे, तर शिंद्यांची ही राजधानी कशी पाहावी, असे त्यांत विचारले आहे.

प्रश्न : आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, कॉलेजात जाणारा मुलगा आणि ७४ वर्षांची आई, डिसेंबरअखेर दिल्लीहून सकाळच्या गाडीने ग्वाल्हेरला उतरणार आहोत आणि त्याच संध्याकाळी झाशीला जाणार आहोत. दुपारी उशिरा एका नातेवाइकांकडे जेवण ठरले आहे, त्यामुळे जेमतेम चार-पाच तास मिळतील. आईचे गुडघे दुखतात. स्वतंत्र गाडी करावी की स्टेशनवरून रिक्षा घेऊन जमेल तसे पाहावे? किल्ला आणि जयविलास राजवाडा दोन्ही होतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गाडी अवश्य करावी, मात्र ती केवळ आरामासाठी नव्हे, तर किल्ल्याला दोन वाटा आहेत म्हणून करायची आहे, हे ध्यानात ठेवलेत तर खर्चाचे चीज होईल. पश्चिमेकडून उरवाई दरवाजाने गाडी थेट वर जाते. पूर्वेकडची ग्वाल्हेर दरवाजापासून हत्तीपोळीपर्यंत जाणारी जुनी फरसबंद वाट मात्र पायी चालणाऱ्यांची आहे. बहुतेक गाडीवाले पाहुण्यांना उरवाईने वर नेतात आणि त्याच वाटेने खाली आणतात, कारण त्यांना तेच सोयीचे असते. त्यामुळे किल्ल्याची जी बाजू राजा मानसिंह तोमरने मुद्दाम पाहणाऱ्यासाठी सजवली, तीच पाहायची राहून जाते. आपण गाडी ठरवतानाच सांगून ठेवावे की, वर मानमंदिर राजवाड्यापाशी उतरल्यावर तिघे जण पूर्वेच्या वाटेने चालत खाली येतील आणि गाडी आईंना घेऊन वळसा घालून ग्वाल्हेर दरवाजाशी उभी राहील. स्टेशनवरच्या रिक्षाने हे जमणे कठीण आहे.

उरवाईच्या चढावर दोन्ही बाजूंच्या कड्यांत जैन तीर्थंकरांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात, म्हणजे पंधराव्या शतकात, त्या घडल्या आणि त्यांतील सर्वांत उंच मूर्ती सुमारे १७ मीटरची आहे. बाबराने १५२८ मध्ये त्या विद्रूप करण्याचा हुकूम दिला होता. पुढे काही मूर्तींचे चेहरे पुन्हा घडवले गेले आणि जवळून पाहिले तर तो फरक ओळखू येतो. आईंना हे सारे गाडीतून न उतरता दिसेल, म्हणून चालकाला येथे गाडी हळू चालवायला सांगावे.

वर गेल्यावर पहिला वेळ मानमंदिराला द्यावा. मानसिंह तोमर १४८६ ते १५१६ या काळात गादीवर होता आणि मोगलांच्या आधीचा इतका शाबूत हिंदू राजवाडा उत्तरेत क्वचितच पाहायला मिळतो. बाहेरच्या भिंतीवर निळ्या, पिवळ्या आणि हिरव्या चकचकीत कौलांची नक्षी आहे. त्यात पिवळ्या बदकांची एक रांग आहे, केळीची झाडे आहेत, हत्ती आणि मगरी आहेत. पाचशे वर्षांच्या उन्हापावसानंतरही निळा रंग टिकून आहे. आतले दोन मजले जमिनीखाली असून तेथे उतरणारे जिने अरुंद आणि अंधारे आहेत. मोगल अमदानीत किल्ला राजबंद्यांसाठी वापरला गेला आणि औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष याचा १६६१ मध्ये येथेच शेवट झाला. त्या जिन्यांवर आईंना नेऊ नये. तेवढा वेळ त्यांनी दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्यात बसावे. गुरू हरगोविंद यांच्या येथील कैदेची आणि त्यांनी सुटताना आपल्याबरोबर ५२ राजांना सोडवल्याची आठवण त्या स्थानाशी जोडलेली आहे आणि बसायला स्वच्छ, शांत जागा आहे. तेली का मंदिर तेथून जवळच आहे. सास-बहू मंदिरांपैकी मोठे मंदिर १०९३ मध्ये महिपाल राजाच्या काळात पूर्ण झाले. मंदिर विष्णूचे आहे आणि सासू-सुनेशी त्याचा काही संबंध नाही, तरी मार्गदर्शक ती गोष्ट रंगवून सांगतीलच.

पूर्वेच्या वाटेने उतरताना मानमंदिराची कड्यावरची बुरुजांची भिंत डोक्यावर येते. सकाळचे ऊन त्या बाजूला असते, त्यामुळे दुपार होण्याआधी येथे पोहोचावे. पायथ्याशी गुजरी महालात पुरातत्त्व संग्रहालय आहे, तेथील ग्यारसपूरची शालभंजिका ही स्त्रीमूर्ती चुकवू नये. हे संग्रहालय सोमवारी बंद असते.

आता जयविलासविषयी. चार तास असतील तर राजवाडा सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच तास मिळाले तर शेवटचा तास दरबार हॉल आणि भोजनगृह एवढ्यासाठीच द्यावा. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधून घेतलेल्या या वास्तूत प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची दोन झुंबरे आहेत. ती टांगण्यापूर्वी छत पेलेल की नाही हे पाहण्यासाठी वर हत्ती चढवले होते, असे सांगतात. मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी मुलाला आवडेल. दालनांची संख्या मोठी आहे आणि जिनेही आहेत, त्यामुळे सगळे पाहण्याचा हट्ट धरलात तर नातेवाइकांकडचे जेवण रात्रीचेच होईल.

आणखी एक गोष्ट म्हणजे डिसेंबरअखेर धुक्यामुळे दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तासन्‌तास रखडू शकतात. भाड्याचा वेळ आपण गाडीत बसल्यापासून मोजायचा, ठरल्या वेळेपासून नव्हे, हे आधीच कबूल करून घ्यावे.

प्रश्न : एका एजंटाने आम्हाला अर्ध्या दिवसात नऊ ठिकाणे दाखवण्याचा कार्यक्रम पाठवला आहे. त्यात किल्ला, राजवाडा, सूर्यमंदिर, तानसेनची समाधी, प्राणिसंग्रहालय आणि 'खरेदी' असे सगळे आहे. मार्गदर्शक त्यातच धरला आहे. हे खरे मानावे का? मार्गदर्शक जाणकार आहे की नाही, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नऊ ठिकाणी गाडी थांबेल, एवढे खरे मानावे. सूर्यमंदिर विसाव्या शतकातले असून कोणार्कच्या धर्तीवर बांधलेले आहे. ते सुंदर आहे, पण ज्याने कोणार्क पाहिले आहे किंवा पुढे पाहणार आहे, त्याने त्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ नये. प्राणिसंग्रहालय लहान मुले बरोबर नसतील तर गाळावे. तानसेनची समाधी मात्र ठेवावी, कारण ती ग्वाल्हेर दरवाजापासून अगदी जवळ आहे आणि किल्ला उतरल्यावर वाटेतच पडते. तेथे मुख्य आणि भव्य वास्तू सूफी संत मुहम्मद गौस यांच्या कबरीची आहे. तिच्या चारही बाजूंच्या दगडी जाळ्यांवरून सावकाश नजर फिरवावी, कारण त्यांची नक्षी ठिकठिकाणी बदलत जाते. तानसेनचे स्थान शेजारी, उघड्यावर आणि साधे आहे. तेथील चिंचेची पाने चघळली की गळा गोड होतो, अशी गवयांची श्रद्धा असल्याने त्या झाडाची काय अवस्था होत आली असेल, याची कल्पना आपण करू शकता.

'खरेदी' हा शब्द कार्यक्रमातून काढून टाकायला सांगावे. चंदेरी साडीच्या दुकानात नेलेल्या गिऱ्हाइकामागे चालकाला किंवा मार्गदर्शकाला कमिशन मिळण्याची पद्धत सगळ्याच पर्यटनस्थळी आहे आणि त्यात पाऊण तास सहज जातो. साडी घ्यायचीच असेल तर ती संध्याकाळी, आपल्या मर्जीने घ्यावी.

मार्गदर्शकाकडे पर्यटन खात्याचे छायाचित्र असलेले ओळखपत्र असते. ते मागून पाहण्यात संकोच नसावा. गाडीच्या चालकानेच 'मीच सगळे सांगतो' म्हटले तर त्याने गाडी चालवावी आणि मार्गदर्शक वेगळा घ्यावा. निवड करताना त्याला एकच प्रश्न विचारावा : पूर्वेच्या वाटेने पायी खाली उतरवणार का? जो लगेच 'हो' म्हणेल, त्याला किल्ला ठाऊक आहे. जो 'तिकडे काही नाही' म्हणेल, त्याला घेऊ नये. गाडीचा दर सहसा चार तास आणि चाळीस किलोमीटर असा सांगतात. आपल्या फेरीत किलोमीटर पुरतात, तास ओलांडले जातात, म्हणून ज्यादा तासाचा दर, वाहनतळाचे पैसे आणि तिकिटे कोणी काढायची हे मोबाइलवर लिहून घ्यावे.

प्रश्न : मी गणिताची शिक्षिका आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जगातले पहिले शून्य आहे, असे विद्यार्थ्यांना सांगत आले आहे. सहलीत ते पाहायला मिळेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पाहायला मिळेल, पण 'जगातले पहिले' हे शब्द वर्गात वापरू नयेत. कंबोडियातील एका शिलालेखात शके ६०५, म्हणजे इसवी सन ६८३, हा काळ लिहिताना शून्यासाठी टिंब वापरलेले आहे आणि तो लेख ग्वाल्हेरच्या लेखाहून जुना आहे. आपल्या देशात मात्र, काळ निश्चित ठाऊक असलेल्या आणि दगडावर कोरलेल्या शून्यांपैकी हे अत्यंत जुने आणि निःसंदिग्ध उदाहरण आहे.

ते आहे चतुर्भुज मंदिरात. एकाच कातळातून कोरलेले हे विष्णूचे छोटे मंदिर पूर्वेच्या पायवाटेवर, लक्ष्मण दरवाजाजवळ आहे. म्हणजे पुण्याच्या वाचकांना सुचवलेली उतरण आपल्यालाही करावी लागेल. लेख संस्कृतात असून विक्रम संवत् ९३३, म्हणजे इसवी सन ८७६, मधला आहे आणि तेव्हा येथे प्रतिहार राजा भोज याचा अंमल होता. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिल्याची आणि रोज ५० माळा देवाला वाहण्याच्या व्यवस्थेची नोंद त्यात आहे. २७० आणि ५० या दोन आकड्यांतली शून्ये बारीक वाटोळी असून शेजारच्या अंकांपेक्षा आकाराने लहान आहेत. विद्यार्थ्यांना हे आधी फळ्यावर दाखवून आणावे, नाहीतर चाळीस मुले भिंतीसमोर उभी राहून शून्य कुठे आहे हेच विचारत राहतील. गाभारा लहान आहे, त्यामुळे पाच-पाच जणांना आत पाठवावे. मुलांना शून्य पाहिल्याचा आनंद होईलच. मला स्वतःला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की, तो अंक कोण्या पंडिताने मिरवण्यासाठी कोरलेला नसून माळ्याच्या हिशेबात सहज आलेला आहे. म्हणजे तेव्हा तो व्यवहारात मुरलेला होता.

प्रश्न : आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच राहतो. सुनेचे आईवडील साताऱ्याहून प्रथमच येत आहेत आणि त्यांना 'मराठ्यांचे ग्वाल्हेर' पाहायचे आहे. किल्ला त्यांना चढवत नाही. अर्ध्या दिवसात काय दाखवू?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : विहीणबाई आणि व्याही यांना घेऊन सकाळी प्रथम फुलबागेतील राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर जावे. जून १८५८ मध्ये राणी ग्वाल्हेरच्या लढाईत पडल्या आणि येथे त्यांचे अंत्यसंस्कार झाले. समाधीपाशी शिंद्यांचा विषय निघाला की आपल्याकडे वाद रंगतो. जयाजीराव त्या वेळी आग्र्याला निघून गेले आणि त्यांचे बहुतेक सैन्य तात्या टोपे व राणी यांना मिळाले, एवढे पक्के सांगावे आणि बाकीचे पाहुण्यांवर सोडावे.

तेथून जयविलासला जावे. आपल्या पाहुण्यांच्या बाबतीत राजवाडा गाळण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण २०२२ मध्ये तेथे मराठ्यांच्या इतिहासाचे स्वतंत्र दालन सुरू झाले आहे. साप्ताहिक सुटीचा वार तेवढा आधी फोन करून विचारून घ्यावा. अंगणात उभे राहून किल्ल्याकडे बोट दाखवता आले तर एक गोष्ट जरूर सांगावी. १७८० मध्ये इंग्रजांचा सेनाधिकारी पॉफम याने रात्री शिड्या लावून मराठ्यांकडून किल्ला घेतला, पुढे महादजींनी तो परत मिळवला. परंतु १८५८ नंतर तो पुन्हा इंग्रजांकडे गेला आणि १८८६ मध्ये झाशी देऊन शिंद्यांना तो मिळाला. म्हणजे १८७४ मध्ये हा झगझगीत राजवाडा उभा राहिला, तेव्हा वरच्या डोंगरावर इंग्रजांची फौज बसलेली होती. साताऱ्याच्या माणसाला यातला सल वेगळा उलगडून सांगावा लागत नाही.

व्याह्यांना गाण्याची आवड असेल तर किल्ला न चढता गौस-तानसेन यांच्या स्थानापर्यंत गाडी नेता येते. महाराष्ट्रात आज गायला जाणारा बराचसा ख्याल येथूनच गेला : बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकले आणि मिरजेस त्यांच्या हाताखाली विष्णू दिगंबर पलुसकर तयार झाले. हे ऐकल्यावर पाहुण्यांना ग्वाल्हेर परके वाटणार नाही.

महाराज बाडा हा चौक सकाळच्या फेरीत घेऊ नये. दौलतरावांनी १८१० मध्ये उज्जैनहून येऊन छावणी टाकली, तिचे लष्कर शहर झाले आणि बाडा त्याचे काळीज आहे, हे सगळे खरे. पण सकाळी तेथे गाडी उभी करायला जागा शोधण्यातच वेळ जातो. आपण लष्करातच राहता, तेव्हा उन्हे कलल्यावर त्यांना पायीच न्यावे, म्हणजे टाउन हॉल, पोस्ट ऑफिस, व्हिक्टोरिया मार्केट अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या घाटाच्या इमारती निवांत पाहता येतील. शिवपुरीतील माधवराव शिंदे आणि त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांच्या छत्र्यांचा आग्रह पाहुण्यांनी धरला तरी त्या या फेरीत कोंबू नयेत. शिवपुरी शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि तिला स्वतंत्र दिवस ठेवावा.