बाबांचा आवाजच आठवत नाहीये, मी त्यांना विसरत चाललेय का?

समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, विचारणारी माणसं तेवढी वेगळी असतात. कुणाला फोटो बघितल्याशिवाय आईचा चेहरा डोळ्यासमोर येत नाही, कुणाला भावाचं हसू आठवत नाही, कुणाला नवऱ्याची चालायची ढब. आणि सगळ्यांच्या बोलण्यात एकच सूर, की माणूस तर गेलंच, आता आठवणपण हातातनं निसटतेय आणि त्यात चूक माझीच आहे. म्हणून एक केस सांगते. तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती चाळिशीची. वडील जाऊन दीड वर्ष झालेलं, नोकरी, घर, मुलगी सगळं सुरळीत चाललेलं. पहिल्या सेशनला रडली वगैरे नाही, हिशोब द्यावा तसं सांगत होती, की ताई सुरवातीचे काही महिने बाबा माझ्या डोक्यात बोलायचे, गाडी चालवताना, झोपताना, कधीपण, आणि मग एक दिवस लक्षात आलं की शब्द त्यांचे आहेत पण आवाज माझाच येतोय. फोनमध्ये फोटो शेकड्यांनी पण आवाजाचं रेकॉर्डिंग एकपण नाही. "एकदा तरी रेकॉर्ड करायला हवा होता ना हो?" हे ती त्या तासाभरात चारदा म्हणाली.

मी तिला सांगितलं ते इथेही सांगते. आठवून आणणं आणि ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा आवाज मनात हवा तेव्हा उभा करणं अनेकांना अवघड जातं, जिवंत माणसांचासुद्धा, करून बघा. पण तोच आवाज अचानक कानावर पडला तर एका शब्दात ओळखाल. म्हणजे आत काहीच उरलं नाही असं नसतं, फक्त हाक मारली की येत नाही.

दुसरं म्हणजे आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नाही, आपण ती दर वेळी नव्याने रचतो. फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1932 च्या त्यांच्या पुस्तकात एक प्रयोग मांडलाय. त्यांनी लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर कमीजास्त दिवसांनी पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. गोष्ट आखडत गेली, जे अनोळखी होतं ते गळालं, काही ठिकाणी तर गोष्टीतली कनू (वल्ह्याची लांबट होडी) जाऊन साधी बोट आली. कुणी मुद्दाम बदललं नव्हतं, ज्याच्या त्याच्या मनाने ती आपल्या ओळखीच्या जगात बसवून घेतली. आपल्या माणसाच्या आठवणीचंही असंच होतं, आणि ती बदलते म्हणजे आपलं प्रेम कमी झालं असं अजिबात नाही.

तिने ऐकून घेतलं. पटलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

मग माझ्याकडून एक घाई झाली. मी तिला रोज पंधरा मिनिटं बाबांबद्दल लिहा म्हटलं. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये लोकांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं मनातल्या जखमेबद्दल लिहायला लावलं होतं, तेव्हापासून ही पद्धत खूप वापरली जाते, पण शोकात सगळ्यांनाच तिचा उपयोग होतो असं नाही हे मला माहीत असूनही मी सांगून मोकळी झाले. पुढच्या वेळी ती कोरी वही घेऊन आली. म्हणाली, "लिहिलं की तेवढंच उरेल. जे लिहिणार नाही ते कायमचं जाईल."

मला तिचं म्हणणं आजही बरोबर वाटतं. आपण जे किस्से वारंवार सांगतो तेच पक्के होतात आणि बाजूचे पुसट होतात, घराघरात बघा, गेलेल्या माणसाचे चार-पाच ठरलेले किस्से उरतात, त्यात तो नेहमी चांगलाच वागलेला असतो. त्याची चिडचिड, त्याचा हट्ट, आपली त्याच्याशी झालेली भांडणं कुणी सांगत नाही आणि मग अर्धा माणूस तिथेच हरवतो. मी वही बाजूला ठेवायला सांगितली आणि विचारलं, बाबांचा आवाज सगळ्यात जास्त कुठे ऐकलात?

"पुस्तकात," ती पटकन म्हणाली.

लहानपणी बाबा तिला रोज रात्री एक कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायचे, थोडी थोडी. ते पुस्तक अजून होतं तिच्याकडे पण बाबा गेल्यापासून उघडलं नव्हतं. उघडायची घाई करू नका म्हटलं, वाटेल तेव्हा बघा. महिनाभराने ती ते पुस्तक घेऊनच आली. बांधणी सुटलेली, पानं पिवळी, आणि समासात जागोजागी पेन्सिलीची बारीक टिकमार्क, रात्री जिथे थांबले तिथली. पंधराव्या प्रकरणापर्यंत टिकमार्क नेमाने येतात आणि मग दोन पानांना एक मोठा कंस, बाजूला बाबांच्या अक्षरात एकच शब्द, "नको".

त्या दोन पानांत गोष्टीतली आजी मरते.

आणि हिला तर पक्कं आठवत होतं की आजी मरत नाही! ती एका बोटीतून लांबच्या बेटावर राहायला जाते. तीस-बत्तीस वर्षं ती हेच धरून होती. तेव्हा तिची स्वतःची आई बरेच दिवस आजारी होती, पुढे बरी झाली, पण त्या दिवसांत बाबांनी मुलीपुढे ती दोन पानं वाचली नाहीत, आपल्या मनाने दुसरंच काहीतरी रचून सांगितलं. हे तिला बाबा असताना कधीच कळलं नव्हतं. पुस्तक मांडीवर ठेवून ती पहिल्यांदा रडली, बराच वेळ.

माणूस गेल्यावरही त्याच्याबद्दल नवीन काही कळू शकतं आणि आपलं नातं पुढे सरकू शकतं, हे आमच्या क्षेत्रालाही उशिराच मान्य झालं. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी 1917 मध्ये लिहिलं होतं की शोक म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेणं. पण 1920 मध्ये त्यांची मुलगी सोफी फ्लूने गेली, आणि 1929 मध्ये मुलगा गमावलेल्या एका मित्राला पत्र लिहिताना त्यांनी सांगितलं की ती असती तर आज छत्तीस वर्षांची झाली असती, आणि त्या जागी दुसरं काही येत नाही, आलं तरी ते वेगळंच असतं, आणि तसंच असायला हवं. सिद्धांतापेक्षा मला ते पत्र जवळचं वाटतं. पुढे 1996 च्या सुमारास संशोधकांनी नातं टिकवून जगण्याला रीतसर शब्द दिले. त्यामुळे "आता विसरून पुढे जा" असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका.

एक मात्र बघायला हवं. वर्ष उलटून गेलं तरी जवळजवळ रोजच ओढ तितकीच तीव्र आहे, माणूस गेलाय हे मन मानतच नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, रोजची कामं अडलीत, असं असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला नक्की भेटा. 2022 पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत याला वेगळं नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. आवाज आठवत नाही एवढ्यावरून मात्र असं काही झालंय असं समजू नका.

तिचा आवाजाचा प्रश्न सुटला का? नाही. आवाज परत आला नाही आणि मी येईल असं सांगितलंही नव्हतं. पण शेवटून दुसऱ्या सेशनला ती अचानक म्हणाली, "ताई, बोटीचा भाग पुस्तकात कुठेच नाहीये. आई पलीकडच्या खोलीत असायची, तिने ऐकला नाही. म्हणजे तो आता फक्त मलाच माहितीये." मग तिने डोळे मिटून मला तो सांगितला. आजी निघाली तेव्हा वारा नव्हता, तिने घरातला दिवा तसाच चालू ठेवला, आणि वल्ही मारताना तिला मागे वळून बघावं लागत नव्हतं कारण वल्ही मारणाऱ्याचं तोंड किनाऱ्याकडेच असतं.

माझ्यासमोरच तिने एका कागदावर ते लिहून काढलं. दोन ठिकाणी खोडलं, "बाबा असं नव्हते म्हणाले" म्हणून पुन्हा लिहिलं, मग कागदाची घडी घालून त्या कंसातल्या दोन पानांच्या मधे ठेवून दिला.