डिजिटल रेडिओ ऐकायला नवा सेट घ्यावाच लागतो का? घरचा जुना चालणार नाही?

नाही चालणार. आणि दुकानदार ‘डिजिटल’ म्हणून जे पुढे करतो, त्यातलंही बहुतेक चालत नाही. अठराशे रुपये घालवून बोलतोय.

आमचे अण्णा श्रीवर्धनला असतात. दिवसभर मुंबई आकाशवाणी, मीडियम वेव्हवर. एकदा फोन आला, “सेट बिघडलाय. काटा स्टेशनाच्या जरा बाजूला गेला की स्टोव्ह पेटल्यासारखा आवाज येतो.” मी नवा सेट नेला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत डिजिटल, पुढे निळे आकडे. लावला, तर त्यातही स्टोव्ह!

नंतर कळलं, तो स्टोव्ह म्हणजेच डिजिटल रेडिओ. आकाशवाणीने मीडियम वेव्हसाठी डीआरएम (डिजिटल रेडिओ मोंदियाल) ही डिजिटल प्रसारणाची पद्धत घेतली, देशभर 35 ट्रान्समीटर बसवले. एकच ट्रान्समीटर नेहमीचं प्रसारण करतो आणि त्याला चिकटूनच डिजिटल लहरीही सोडतो. साध्या सेटला त्या उलगडता येत नाहीत, म्हणून नुसतं स्स्स. माझ्या निळ्या आकड्यांनी फक्त काट्याची जागा घेतली होती, आतला सेट तोच जुना. तेव्हा खोक्यावर ‘डीआरएम’ लिहिलेलं असेल तरच पैसे काढा. भाच्याने लंडनहून आणलेला डॅब सेटही इथे एफएमपुरताच. तिकडची पद्धत वेगळी, इकडे ते प्रसारणच नाही.

मग दिवाळीला दादा गाडी घेऊन आला. दोन वर्षं तो तिच्यात ब्लूटूथवर गाणी वाजवत होता. मी सहज मेन्यू चाळला, तर एफएम, एएम आणि खाली डीआरएम! (मारुती, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत असतं. तुमच्याकडे गाडी असेल तर आधी तिथेच बघा.) मुंबई लागली आणि अण्णा दार उघडं टाकून आत बसले ते जेवायलाच उठले. खरखर नाही, निवेदिका शेजारी बसून बोलतेय असं वाटत होतं.

दादाचं पालुपद ठरलेलं, “ॲप टाकून दे ना मोबाईलवर, सगळी आकाशवाणी ऐकू येते.” येते, रेंज असली तर. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वीज गेली, टॉवर गेले, दादाचा फोन इकडे लागेना. अण्णांना वादळ कुठे पोचलं ते रेडिओवर कळत होतं. हे मी त्याला दर दिवाळीला सांगतो.

आता खरं सांगायचं तर तेव्हा वाजत होता तो जुनाच, सेलवर चालणारा सेट. डिजिटल सेट बॅटरी जास्त खातो. शिवाय सिग्नल फार कमी झाला की खरखरत का होईना, काहीतरी ऐकू येईल असं नाही, थेट शांतता. एव्हिऑन कंपनीचा डीआरएम सेट निघाला होता, पण किंमत पाच आकडी. घरात घेणार असाल तर एलईडी दिव्यांपासून लांब, खिडकीत ठेवा. आणि तुमच्या जवळच्या केंद्राचं डीआरएम चालू आहे ना, ते आधी विचारा, हे मी खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

अण्णांना अजून सेट घेतलेला नाही. दादा आला की गाडीची किल्ली तेच मागून घेतात. मागच्या खेपेला बॅटरी उतरली, गाडी ढकलून चालू करावी लागली. दादा म्हणाला, “ॲप असतं तर…”